शनिवारी बिघडणारं मशीन

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी खोटारडा माणूस नाही. सव्वीस वर्षं सौदीत, समुद्राचं पाणी गोड करायच्या प्लांटवर ऑपरेटर होतो. दर तासाला गेजसमोर उभं राहायचं, रीडिंग घ्यायचं आणि लॉगबुकात लिहायचं. सव्वीस वर्षांत एक आकडा मी बसल्या जागेवरून लिहिला नाही. माझ्या शिफ्टमधल्या एकानं एकदा लिहिला होता, मागच्या तासाचाच आकडा उतरवून काढला. त्या दिवशी वाफेनं भलत्याच माणसाचा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून माझा कायदा ठरलेला. माणूस तोंडानं वाटेल ते बोलो, लॉगबुकात खोटं जाता कामा नये.

आता हे तोंडाचं जे म्हटलं ना, तिथंच पुढे माझं घोडं पेंड खाऊ लागलं.

माझं नाव कमरुद्दीन. करंजाड्यात तिसऱ्या मजल्यावर एकटा राहतो. आधी आमचं घर पनवेलच्या मोहल्ल्यात होतं. रिटायर होऊन आलो तेव्हा म्हटलं, आता तिघं मिळून हवेशीर जागेत राहू. फ्लॅट घेतला आणि दोन वर्षांत माझी बायको कुबरा गेली. पुढच्या वर्षी मुलगी, झेबा, फिनलंडला गेली, संख्याशास्त्रात पीएचडी करायला. मीच म्हटलं जा. कुठल्या तोंडानं नको म्हणणार? जो बाप स्वतः सव्वीस वर्षं घराबाहेर राहिला, त्यानं पोरीला जाऊ नकोस म्हणायचं? विमानतळ झाल्यापासून विमानं आमच्या डोक्यावरूनच जातात. गॅलरीत कपडे वाळत घालताना मान आपोआप वर होते. एवढी विमानं उतरतात, आणि एकातही माझी पोरगी नसते.

झेबा दर रविवारी फोन करायची. आमच्याकडे दुपारचा दीड, तिच्याकडे सकाळ.

"अस्सलामु अलैकुम अब्बा. जेवलात?"

"जेवलो."

"बीपीची गोळी?"

"घेतली. तुझ्याकडे थंडी?"

"आहे की. बरं, ठेवू?"

"ठेव."

सवय जात नाही, सुंभ जळाला तरी पीळ तसाच. मी वहीत लिहितो. तारीख, वेळ, किती मिनिटं. चार. तीन. पाच, त्यातली दीड मिनिटं दारात गॅसवाला होता. तीन. रविवार उजाडायची वाट बघायचो, मनात हे सांगू ते सांगू असं किती तरी साठवलेलं असायचं, आणि फोन वाजला की सगळं घशातच राहायचं. दोष तरी कुणाला द्यायचा? आमच्या घरात अब्बाशी बोलायची सवय होतीच कुणाला? दोन वर्षांतून दीड महिना येणारा माणूस मी. मला चहासुद्धा चांगल्या कपातून मिळायचा, पाहुण्याचा.

ईद झाली. एकट्यानं शीरखुर्मा खाल्ला. त्याच्या पुढच्या रविवारी झेबा म्हणाली, "अब्बा, तुम्ही रिकामेच असता ना?"

"रिकामा कसा? सकाळी फिरायला जातो, नमाज आहे, बाजार आहे..."

"म्हणजे रिकामेच. एक काम कराल माझं?"

काम असं. तिनं एक प्रोग्रॅम लिहिला होता, छोट्या दवाखान्यांनी पेशंटांच्या आकड्यांचा हिशेब मांडावा म्हणून. तो 'आर' नावाच्या आकडेशास्त्राच्या सॉफ्टवेअरवर चालायचा. छोट्या दवाखान्यांत कॉम्प्युटर जुनेपाने, तेव्हा जुन्या मशीनवर तो चालतो की नाही हे बघायचं होतं. तिच्या युनिव्हर्सिटीत सगळ्यांकडे नवीकोरी मशीनं. आणि तिचा कॉलेजातला लॅपटॉप इथं माझ्या कपाटात, चादरींच्या खाली.

"पण अब्बा, एवढ्या जुन्या मशीनसाठी आता तयार आर मिळत नाही. त्याचा सोर्स कोड आणून घरीच बांधायचा. कंपाइल करायचा."

"म्हणजे?"

"म्हणजे घावन विकत आणायचे नाहीत. तांदूळ भिजवण्यापासून आपण करायचे."

"मला जमेल?"

"वा! सौदीत बसून मिक्सर दुरुस्त केलात, आणि हे नाही जमणार?"

ही मिक्सरची गोष्ट आमच्या मोहल्ल्यात लहान पोरांनाही पाठ आहे, कारण मी ती निदान शंभर जणांना ऐकवलीय. तुम्हीही ऐका. झेबा तेव्हा दहा वर्षांची. शुक्रवारी माझी सुट्टी, म्हणून शुक्रवारी मी घरी फोन करायचो, बूथमधून, कार्ड टाकून, मागे दहा जण ताटकळत उभे. एका शुक्रवारी झेबा म्हणाली, अब्बा, मिक्सर बंद पडला. म्हटलं, मेकॅनिकला हात लावू द्यायचा नाही, मी सांगतो. मग सहा शुक्रवार, मोजून सहा, समुद्रापलीकडून मी त्या एवढ्याशा पोरीला एकेक समजावलं. आधी खालचं लाल बटण. मग वायर. मग कार्बन ब्रश म्हणजे काय, तो झिजतो कसा. ती विचारायची, मी सांगायचो. मागून कुबराचा पाट्यावर वाटायचा आवाज यायचा, खर्र खर्र, आणि मला वाटायचं, बिचारीचे हात भरून येत असतील. सहाव्या शुक्रवारी मिक्सर चालू! मी ही गोष्ट सांगायला लागलो की कुबरा ओढणी तोंडाला लावून हसत आत निघून जायची. नवऱ्याचं कौतुक कुठल्या बायकोला नसतं?

तर लॅपटॉप काढला. झेबानं सगळ्यात आधी एक छोटीशी आज्ञा लिहून दिली. मी कंपाइलचं, चाचणीचं काहीही चालवलं की त्याची तारीख, वेळ आणि निकाल आपोआप एका फाइलीत लिहिला जाणार, पास की फेल. म्हटलं, शाबास, ऑपरेटरची पोरगी शोभतेस.

पहिल्याच रविवारी माशी शिंकली. कंपाइल करायच्या आधी एक तपासणी चालते. ती घरभर हिंडून बघते, तेल आहे का, मीठ आहे का, आणि एखादी गोष्ट नसली की तिथंच फतकल मारून बसते. आमची बसली. फोर्ट्रान कंपायलर नाही म्हणे.

"फोर्ट्रान? हे तर माझ्या जवानीतलं नाव आहे!"

"अजून जिवंत आहे अब्बा. तुमच्यासारखंच, ठणठणीत."

आणि हसली. खळखळून हसली. कुबरा गेल्यापासून मी ते हसू ऐकलं नव्हतं. फोर्ट्रान उतरवून घेतलं, पुन्हा चालवलं, दुसरंच काही तरी नाही म्हणून अडलं. ते आणलं. तिसरं. त्या दिवशी वहीत लिहिलं, बावन्न मिनिटं.

दुसऱ्या रविवारी रीडलाइन नावाची लायब्ररी. मी म्हटलं, "अगं, आहे ना ती! माझ्या डोळ्यांदेखत टाकलीय. हे मशीन आंधळं आहे काय?"

"अब्बा, लायब्ररी टाकलीत, पण तिची हेडरं वेगळ्या पाकिटात असतात. ती नाही टाकलीत."

"हेडरं म्हणजे?"

"म्हणजे पंप घरी आणलात, आणि त्याचं मॅन्युअल दुकानातच राहिलं."

हे मला लगेच कळलं. माझी पोरगी माझ्या भाषेत बोलत होती.

आणि सांगू का, खरी गंमत एररमध्ये नव्हतीच. आज्ञा दिली की मशीन पंधरा मिनिटं, वीस मिनिटं नुसतं ओळी ओकत बसायचं. तेवढा वेळ दोघांनी करायचं काय? फोन ठेवता येत नाही, कारण कधी अडेल सांगता येत नाही. मग माणूस बोलतो. ती सांगायची, तिच्या खोलीशेजारची मुलगी रोज पहाटे गोठलेल्या तळ्यात भोक पाडून पोहते. सांगायची, पहिल्या हिवाळ्यात दुपारी तीनला अंधार पडायचा तेव्हा ती रडायची, आणि मला फोनवर 'आहे की थंडी' म्हणायची. एकदा म्हणाली, "अम्मी स्वप्नात येते. काही बोलत नाही. माझं कपाट आवरते." मी म्हटलं, "माझ्या स्वप्नात येते तेव्हा बोलते. चप्पल बाहेर काढा म्हणते." दोघं हसलो, मग दोघं गप्प झालो, आणि तेवढ्यात मशीन अडलं, बरं झालं.

तिसऱ्या रविवारी कंपाइल निम्म्यावर येऊन मेलं. मेमरी पुरेना. झेबानं डिस्कवरच उसनी मेमरी कशी काढायची ते सांगितलं. लॅपटॉप तापायचा तर मी त्याच्याखाली चार वाट्या पालथ्या घातल्या आणि समोर टेबलफॅन लावला. प्लांटवर याहून मोठ्या गोष्टी थंड केल्यात. एकसष्ट मिनिटं. चौथ्या रविवारी त्र्याहत्तर.

एकवीस एप्रिल, मंगळवार. सकाळी अकराला चालू केलं, दुपारची, जोहरची नमाज पढून आलो, बघतो तर ओळी थांबलेल्या आणि एरर नाही. माझा विश्वास बसेना. झेबाचा प्रोग्रॅम चढवला, तिनं दिलेल्या सगळ्या चाचण्या चालवल्या. पास. पास. पास. एकटाच टाळ्या वाजवल्या. फोन उचलला, तिचं नाव काढलं.

आणि शेजारी वही उघडी होती. बावन्न, अठ्ठेचाळीस, एकसष्ट, त्र्याहत्तर. त्याच्या वर ईदच्या आधीचं. चार, तीन, पाच, तीन.

फोन खाली ठेवला.

रविवारी दीड वाजता ती म्हणाली, "काय मग अब्बा, झालं?" माझी जीभ माझ्या आधी बोलली. "कुठलं काय. पुन्हा अडलं."

अल्लाह माफ करो, पण त्या रविवारी आम्ही सत्तर मिनिटं बोललो.

आता तुम्ही म्हणाल, खोटं बोललास ना मग? बोललो. पण चोराच्या मनात चांदणं. आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. तेव्हा मी एक तोडगा काढला. पुढच्या शनिवारी सकाळी रीडलाइनची हेडरं मी खरोखरच काढून टाकली आणि तपासणी चालवली. अडली. म्हणजे रविवारी मी जी एरर वाचून दाखवली ती खरी होती, त्यात माझ्या पदरचं अक्षर नव्हतं. सोमवारी ती हेडरं परत जागेवर ठेवली, पुन्हा चालवून बघितलं, पास. मशीन बिघडलेलं ठेवणंही मला सहन होत नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी दुसरी लायब्ररी काढली.

झेबा चक्रावली. "अब्बा, हे तर आपण दुसऱ्याच आठवड्यात सोडवलं होतं!"

"पुन्हा आलंय. जुनं मशीन, बेटा."

"असं पुन्हा येत नाही हो."

"आलंय खरं."

मला वाटत होतं, तिचा काय तोटा? बोलतोयच तर. पण खोट्याच्या तिसऱ्या रविवारी, दहा मेला, तिचा आवाजच वेगळा होता. दमलेला. हसणं नाही, तळ्यात पोहणारी मुलगी नाही.

"अब्बा, मी हार मानते. आठवडाभर डोकं फोडतेय, आणखी दोघा-तिघांना विचारलं, कुणालाच कळत नाहीये. बुधवारी गाईडला रिपोर्ट द्यायचाय. मी लिहून टाकते की इतक्या जुन्या मशीनवर प्रोग्रॅम चालत नाही."

"अगं, असं कसं लिहिशील?"

"मग काय लिहू? तुमच्याकडची ती लॉगची फाइल पाठवा, रिपोर्टला पुरावा म्हणून जोडते. आणि अब्बा, तुमचे एवढे रविवार खाल्ले मी. आता नाही त्रास देणार."

फोन ठेवला. पोरगी चुकीचं रीडिंग कागदावर लिहिणार होती, आणि ते रीडिंग मी दिलं होतं. तोंडचं खोटं लॉगबुकात जायला निघालं होतं. सव्वीस वर्षं ज्याच्यावर मी लोकांना शिव्या घातल्या, तेच. जुनी मशीनं असलेले दवाखाने तो रिपोर्ट वाचून म्हणणार, आपल्याकडे चालत नाही बाबा, सोडा. आणि खरं सांगितलं तर? तर पोरगी मला ओळखून चुकणार. पुन्हा कधी कामसुद्धा सांगणार नाही. मग चार मिनिटं, तीन मिनिटं, तीही उरतील की नाही कोण जाणे.

सोमवारी शहजादकडे गेलो. शहजाद माझा मोहल्ल्यातला दोस्त, कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर बसतो. बाहेर ट्रकांची रांग, आत एक पंखा आणि दोन खुर्च्या. त्याला सगळं सांगितलं. तो चहा सांडेपर्यंत हसला.

"म्हणजे शनिवारी पाडतोस आणि सोमवारी बांधतोस? अरे, असं तर कंत्राटदारसुद्धा करत नाहीत!"

"हसू नकोस. उपाय सांग."

"उपाय काय त्यात? फाइल आहे ना ती? उघड, नको त्या ओळी काढ. इथं रोज येतात मला काट्याचा आकडा बदल म्हणणारे. तुला तर कुणाला विचारायचंही नाही."

"तू बदलतोस?"

"मी का बदलेन?" शहजादचं हसू गेलं. "माझी गोष्ट वेगळी, ते माझं काम आहे."

"मग माझं काय होतं?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "घरी जा, कमरू. मला विचारायला आलास, पण ठरवूनच आलायस."

मंगळवारी सकाळी लॅपटॉप उघडला. फाइल समोर होती. खोटं नाही सांगत, एक ओळ निवडलीसुद्धा, निळी झाली. एक बटण दाबलं की गेली. बोट बटणावर ठेवून बसलो. तो वाफेनं भाजलेला हात डोळ्यांसमोर आला. बोट उचललं, आणि फाइल जशीच्या तशी झेबाला पाठवून दिली. वर काही लिहिलं नाही. लिहायला होतंच काय?

वीस मिनिटांत फोन वाजला. मंगळवारी. ती गेल्यापासून मंगळवारी तिचा फोन कधी आला नव्हता.

"अब्बा, हे काय आहे?"

"लॉग."

"ते दिसतंय मला. एकवीस एप्रिल, मंगळवार, पास. माझ्या सगळ्या चाचण्या पास. मग शनिवारी फेल, सोमवारी पास. पुढच्या शनिवारी फेल, सोमवारी पास. शनिवारी बिघडतं आणि सोमवारी दुरुस्त होतं असं कुठलं मशीन असतं, अब्बा?"

मी लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"तुम्ही मुद्दाम करत होतात?"

"हो."

"तीन आठवडे?"

"हो."

मग ती चिडली. चिडणारच. म्हणाली, मी जेवणखाण सोडून तुमची एरर शोधत होते, लोकांसमोर मूर्ख ठरले, उद्या खोटा रिपोर्ट गेला असता माझ्या नावानं. तुम्ही, अब्बा? तुम्ही? लहानपणापासून मला लॉगबुकाच्या गोष्टी सांगणारे तुम्ही? मी सगळं ऐकून घेतलं. एकही शब्द चुकीचा नव्हता.

"का केलंत पण?"

प्लांटवर चौकशी बसली की आम्ही म्हणायचो, जे झालं ते सरळ सांगा. मी सरळ सांगितलं. "झालं म्हणालो असतो तर तू फोन ठेवला असतास."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुझी आठवण येते, बेटा. फार येते. तू समोर नसतेस, तुझी अम्मी नाही, आणि मला बोलता येत नाही. एरर असली की येतं. सव्वीस वर्षं तिकडे होतो तेव्हाही यायची आठवण. एकदाही बोललो नाही मी. आज बोलतोय तर चोरी पकडली गेल्यावर." माझा आवाज फाटला तो फाटला. "चूक झाली. रिपोर्टात खरं लिही. मशीन ठीक आहे, प्रोग्रॅम ठीक आहे. दोष ऑपरेटरचा."

मला वाटलं, ठेवते आता.

"मग हा दोष जुना आहे, अब्बा," ती म्हणाली. "घराण्यातलाच आहे."

"म्हणजे?"

"आपला मिक्सर कधी बिघडलाच नव्हता."

मला समजलंच नाही. "कुठला मिक्सर?"

"तोच. सहा शुक्रवारवाला. तुम्ही फोन करायचात, अभ्यास केला का, अम्मीला दे, झालं. माझ्या वाट्याला एक मिनिट. मग एकदा टेपरेकॉर्डर बिघडला होता खरा, तेव्हा तुम्ही माझ्याशी किती वेळ बोललात. मागचे लोक ओरडत होते तरी. मला कळलं, अब्बांना काही बिघडलं की बोलता येतं."

"पण तू ते कार्बन ब्रशचं... एक ब्रश मोठा, एक छोटा... सगळं बरोबर सांगायचीस!"

"रझाकचाचांच्या दुरुस्तीच्या दुकानात जाऊन विचारायचे. चाचा, मिक्सरमध्ये अजून काय काय बिघडतं? दर गुरुवारी. ते म्हणायचे, हिला मेकॅनिक व्हायचंय."

"आणि तुझी अम्मी? ती पाट्यावर वाटायची ना? मी ऐकलंय तो आवाज!"

"अम्मीला माहीत होतं, अब्बा. म्हणून तर वाटायची पाट्यावर. वाटण नेमकं तुमच्या फोनच्या वेळेला असायचं, मिक्सर लावला असता तर तुम्हाला ऐकू नसता का आला?" झेबा रडत होती की हसत होती, अल्लाह जाणे. "मी म्हटलं, अम्मी, हात दुखतात ना, राहू दे आता, मी अब्बांना खरं सांगते. तर म्हणाली, अजून एक शुक्रवार होऊ दे."

या अल्लाह. ओढणी तोंडाला लावून हसायची ती. मी शंभर जणांना सांगत सुटलो, आणि ती शंभर वेळा हसत आत गेली. एकदाही तिनं मला तोंडघशी पाडलं नाही. आणि मला अजून एक आठवलं. सहाव्या शुक्रवारी झेबा म्हणाली होती, अब्बा, चालू झाला. मग हळूच विचारलं होतं, "दुसरं काही बिघडलं तर सांगू का?" आणि मी, शहाणा, म्हणालो होतो, नीट वापरा म्हणजे काही बिघडणार नाही. पुढच्या शुक्रवारपासून अभ्यास केला का, अम्मीला दे. एक मिनिट.

मी डोळे पुसले. टेबलफॅन बंद केला, कारण तिचा आवाज नीट ऐकू यायला हवा होता.

"झेबा, त्या सहा शुक्रवारी तुला काय सांगायचं होतं? मिक्सर सोडून?"

"आता कुठलं आठवतंय, अब्बा? वीस वर्षं झाली."

"आठव. मला वेळ आहे. मागे रांग नाही."

"एक आठवतंय. माझी दाढ पडली होती. शेवटची दुधाची. तुम्ही विचाराल म्हणून कागदात बांधून फोनजवळ घेऊन बसायचे."

"कशी पडली?"

"जाऊ द्या ना, काहीतरीच."

"सांग. कुठली दाढ होती? डावी की उजवी?"

"डावी," झेबा म्हणाली. "खालची. शाळेतून येताना चिंच खात होते..."

आणि ती सांगत गेली. वही समोरच उघडी होती, पेनही होतं. त्या मंगळवारी मिनिटं लिहायची राहिली.